सुटलेलं लेबल आधी उलटून बघा, मग मटेरियल ठरवा

पलूसकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा बचत गट तीन वस्तू विकतो: काचेच्या बरणीत कैरीचं लोणचं, पेट (पाण्याच्या बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) बाटलीत काकवी आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीत हळद पूड. तिन्हींवर एकाच कागदाचं स्टिकर आहे, वरून चकचकीत लॅमिनेशन. लोणच्याचं लेबल तेलाने डागाळतं, पावसाळ्यात काकवीच्या लेबलाचे कोपरे उठतात आणि हळदीच्या पिशवीवरून तर ते महिन्याभरात गळूनच पडतं. पुण्याच्या दुकानदाराने माल परत पाठवला. छापून देणारा म्हणतो, सगळ्याला व्हिनाइल (पाट्यांना, गाड्यांना लावतात ते मऊ प्लास्टिकचं स्टिकर) करा, कटकट मिटेल. ताई विचारतात, व्हिनाइल घ्यावं का, आणि घरात पडलेल्या कागदी स्टिकरांच्या गठ्ठ्यांचं काय करावं?

ताई, कुपवाडच्या एमआयडीसीत मी लेबलं छापतो. ‘टिकाऊ मटेरियल कुठलं?’ असं विचारत बरीच गिऱ्हाइकं येतात, आणि प्रत्येकाला मी आधी उलट प्रश्न विचारतो: लेबल कशावर चिकटवणार, त्याला पाणी लागणार की तेल, ऊन लागणार की थंडी, आणि किती महिने ते दुकानाच्या फळीवर उभं राहणार? उत्तर यावर बदलतं. तुमच्या तीन तक्रारींची कारणं मला तीन वेगवेगळी दिसतात, त्यामुळे तिन्हींवर एकच इलाज चालणार नाही.

स्टिकर म्हणजे तीन थर. वर छापायचा कागद किंवा फिल्म (पातळ प्लास्टिक), मध्ये गम, खाली सोलून टाकायचा सिलिकॉन लावलेला कागद. आपण बोलतो ते सगळं वरच्या थराबद्दल, कारण तोच दिसतो. पण लेबल सुटलं की दोष बहुतेक वेळा गमचा निघतो, नाहीतर ज्यावर चिकटवलं त्या पृष्ठभागाचा. कागद बदलून फिल्म घेतली आणि गम तोच ठेवला, तर लेबल पुन्हा सुटतं आणि या खेपेला पैसे जास्त जातात.

म्हणून कुणी सुटलेलं लेबल घेऊन आलं की मी ते उलटून बघतो आणि सोबत बाटलीही मागतो. सगळा गम लेबलाच्या पाठीवर आणि बाटली लख्ख, असं असेल तर गमने बाटलीला कधी धरलंच नव्हतं. बाटली तेलकट असेल, ओली असेल, तिच्यावर धूळ असेल, किंवा ते प्लास्टिकच गमला दाद न देणारं असेल. उलट गम बाटलीवरच राहिला आणि कागद तेवढा निघून आला, कागदाचे पदर सुटले, तर गमने आपलं काम चोख केलंय. कागद पाण्याने किंवा तेलाने खचलाय. गम दोन्हीकडे आहे आणि ओढताना तारा सुटतात, म्हणजे तो उष्णतेने मऊ पडला. टेम्पोत, पत्र्याच्या शेडमध्ये, किंवा गरम बाटलीवर लेबल लावल्यामुळे असं होतं. आणि मधला भाग घट्ट पण कडा नि कोपरे उठलेले, तर ते लेबल त्या गोलाईला ताठ पडतंय. परत आलेल्या मालातली तिन्ही लेबलं अशी एकदा बघून घ्या आणि पुढचं त्याच्याशी ताडून बघा.

लोणच्यापासून सुरू करतो, कारण लेबलाला तेलाइतकं छळणारं दुसरं काही नाही. लॅमिनेशनवरचं तेल फडक्याने पुसलं जातं, म्हणून वाटतं की खालचा कागद सुरक्षित आहे. पण लेबल कापलेलं असतं आणि कापलेल्या कडेवर लॅमिनेशन नसतं. तिथे कागदाचे तंतू उघडे असतात. बरणीच्या तोंडावरून ओघळलेलं तेल वरच्या कडेशी येऊन थांबतं आणि तंतूंतून आत शिरतं. तुमच्या लेबलावरचा डाग नीट बघा. तो मध्येच उमटलेला नसेल, वरच्या कडेपासून खाली उतरत गेलेला असेल. लॅमिनेशन जाड केल्याने हा डाग थांबणार नाही.

इथे कागद सोडाच. पांढरी पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) फिल्म घ्या, साधारण 50 ते 60 मायक्रॉनची. तिच्यात तंतूच नसतात, त्यामुळे तेलाला शिरायला वाट मिळत नाही. गम अ‍ॅक्रिलिक मागा. रबरी हॉट मेल्ट (वितळवून थर दिलेला) गम लावताक्षणी जास्त घट्ट धरतो, म्हणून नमुना हातात घेतल्यावर तोच आवडतो. पण तेल लागलं की तो कडेपासून मऊ पडायला लागतो, आणि उन्हातही अ‍ॅक्रिलिकइतका तग धरत नाही. अ‍ॅक्रिलिक सुरुवातीला थोडा मवाळ वाटतो आणि पूर्ण पकड यायला एक दिवस, कधी तीन दिवसही घेतो. लावल्यावर तासाभरात कोपरा उचकटून ‘हा गम कच्चा आहे’ असं ठरवू नका.

आता बरणीकडे या. बहुतेक ठिकाणी आधी लोणचं भरतात, मग बरणी पुसतात, मग लेबल लावतात. पुसायचं फडकं दिवसभर तेच असतं, म्हणजे पन्नासाव्या बरणीला आपण तेल पुसत नसतो, तेल लावत असतो. बरणीवर कोरडं बोट दाबून फिरवा. बोट अडलं तर काच कोरडी, घसरलं तर तेलकट. लोणचं थंडच भरायचं असतं, त्यामुळे तुम्हाला एक सोपी सोय आहे: धुवून पूर्ण वाळवलेल्या रिकाम्या बरणीला लेबल लावा, एक दिवस जाऊ द्या, मग भरा. भरल्यावरच लावायचं असेल तर शेवटचा हात स्वच्छ सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फिरवा आणि कापड वरचेवर बदला. अगदी नव्या बरण्यांनाही एकदा पुसून घ्यावं, कारण वाहतुकीत काच काचेला घासून ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यात बाहेरून एक निसरडा पातळ लेप देतात, आणि तो जास्त बसला की गम नीट धरत नाही.

आणि झाकण गळत असेल तर आधी झाकण बदला. भरलेली बरणी रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवली की सकाळी कळतं.

काकवीचं कारण वेगळं आहे. पावसाळ्यात कागद हवेतली ओल घेतो आणि फुगतो. फुगताना तो सगळीकडे सारखा वाढत नाही, तंतूंच्या आडव्या बाजूला जास्त वाढतो. वरून लॅमिनेशन, खालून गम, त्यामुळे ही वाढ कुठेतरी बाहेर पडायला बघते आणि कोपरा उठतो. त्यात बाटली बारीक असली, तर ताठ कागद मुळातच सरळ व्हायला धडपडत असतो. छापखान्यात तंतूंच्या या दिशेला ग्रेन म्हणतात. कागद हातात घेऊन एकदा उभा, एकदा आडवा हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वळतो, ती घडी ग्रेनला समांतर असते. गोल बाटलीवर ग्रेन बाटलीच्या उंचीच्या दिशेने हवा, म्हणजे लेबल अंगाला बसून राहतं. पण एका पानात चार लेबलं जास्त बसावीत म्हणून ती आडवी मांडली जातात, ग्रेन फिरतो, आणि हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. पुढेमागे कुठल्याही कोरड्या मालाला कागदी लेबल केलंत, तरी ग्रेनचं आवर्जून विचारा.

काकवीला मी पीपीच सुचवेन, कोपरे मात्र गोल कापलेले हवेत. दोनतीन मिलिमीटरची गोलाई पुरते. टोकदार कोपऱ्याला बोट, खोक्याचा पुठ्ठा, शेजारची बाटली, सगळंच अडकतं. गोल कोपऱ्याला पकडायला जागा राहत नाही. डाय (लेबल कापायचा साचा) नव्याने करायची वेळ आली की ही सुधारणा करून घ्या, तिला वेगळा खर्च पडत नाही. बाटली दाबून काकवी काढायची असेल, म्हणजे मऊ पीईची (पॉलिथिनची) दाबता येणारी बाटली घेणार असाल, तर पीपी ताठ पडतं आणि दाबून दाबून त्यावर सुरकुत्या बसतात. तिथे पीई फिल्म घ्यावी, 85 ते 100 मायक्रॉनची, ती बाटलीबरोबर वाकते आणि परत सरळ होते.

तरीही तुमच्या काकवीच्या बाबतीत मला एक शंका आहे: तुम्ही ती गरम असताना भरता का? साधी पेट बाटली 70 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते आणि थोडी आक्रसते. त्याहून कमी गरम भरली, तरी झाकण लावल्यावर आतली हवा निवून आकुंचन पावते आणि बाटलीच्या भिंती आत ओढल्या जातात. लेबल आधीच लावलेलं असेल तर त्याच्यावर फुगे आणि चुण्या येतात, मग ते कागदाचं असो की फिल्मचं. काकवी निवू द्या, बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ती कोरडी पुसा आणि मग लेबल लावा. लावताना मधून सुरुवात करून अंगठ्याने दोन्ही कडांकडे दाबत न्या. हा गम दाबाने धरणारा आहे. नुसतं टेकवून सोडलं तर ठिपक्याठिपक्याने चिकटतो.

थंड मालाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सातारा-सांगलीत बरेच जण स्ट्रॉबेरी क्रश, लस्सी, ताक असा माल करतात, म्हणून दोन वाक्यं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं आणि ओल्या बाटलीला साधा गम लागत नाही. लेबल कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या बाटलीला लावून एक दिवसाने फ्रीजमध्ये टाकलं तर साधा अ‍ॅक्रिलिकही टिकतो. थंड बाटलीलाच लावावं लागणार असेल तर गमच्या माहितीपत्रकात ‘लावण्याचं किमान तापमान’ किती दिलंय ते बघून थंडीचा खास गम घ्यावा. बेदाण्याची खोकी कोल्ड स्टोरेजला जातात, त्यांनाही हेच: लेबल बाहेर लावा, मग आत पाठवा.

हळद सगळ्यात अवघड. लेबल महिन्याभरात गळून पडतं म्हणता, तेव्हा माझा अंदाज असा की गम सगळा लेबलाच्या पाठीवर असेल आणि त्यावर पिवळी पूड बसलेली असेल. इथे दोन कारणं एकत्र आली आहेत. पहिलं पिशवीचं. पीई आणि पीपी या प्लास्टिकला गम मुळातच कमी धरतो. पृष्ठभाग किती ‘धरून ठेवणारा’ आहे हे डाइन या मापात मोजतात. पीपी आणि पीई 30 च्या आसपास असतात, पेट 40 च्या वर, आणि स्वच्छ काच त्याहून खूपच पुढे. माप नको असेल तर पाण्याचा थेंब टाका. काचेवर तो पसरतो, तुमच्या पिशवीवर गोल मण्यासारखा उभा राहील. जिथे पाणी पसरायला तयार नाही, तिथे गमही नीट पसरत नाही. छपाईसाठी पिशवीवर कोरोना प्रक्रिया (शाई धरावी म्हणून प्लास्टिकवरून वीज फिरवणं) केलेली असते तेव्हा हे सुधारतं, पण ती प्रक्रियाही महिने जातील तशी ओसरते, म्हणून जुन्या साठ्यातल्या पिशव्या जास्त त्रास देतात.

दुसरं कारण पुडीचं. हळद दळायच्या आणि भरायच्या खोलीत हवाच पिवळी असते. पिशवी भरून तोंड बंद केल्यावर तिच्या अंगावर जो बारीक थर असतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण पांढरा रुमाल फिरवला की दिसतो. गम मग त्या थराला चिकटतो, पिशवीला चिकटतच नाही. याला मटेरियल बदलून उपाय नाही. लेबल पिशवी भरण्याआधी, दुसऱ्या खोलीत, सपाट टेबलावर लावा. नुसतं एवढं केलंत तरी निम्मी तक्रार जाईल असं मला वाटतं. गम इथे मात्र जास्त चिकट रबरी हॉट मेल्ट घ्या, पीईला तो जास्त चांगला धरतो आणि इथे तेलाचा प्रश्न नाही. वरचा थर पीई फिल्मचा, कारण पिशवी हाताळताना दुमडते आणि कागद दुमडला की मोडतो.

पण माझं खरं मत विचाराल तर हळदीला लेबल लावूच नका. बाहेरून पेटचा थर असलेली उभी राहणारी पाकिटं मिळतात, त्यांना साधं लेबलही झकास चिकटतं. माल वाढला की सरळ छापील पाकीट करा. आणि पारदर्शक पाकीट टाळा, कारण उजेडात हळदीचा रंग उडतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर ऊन येत असेल तर लेबलावरचा लाल आणि पिवळाही आधी उडतो, म्हणून छापणाऱ्याकडे उन्हात टिकणारी शाई मागा. हळदीला मॅट लॅमिनेशन नको. घासल्याच्या खुणा आणि पिवळे डाग त्यावर लवकर दिसतात.

आता व्हिनाइलचं. ते वाईट मटेरियल नाही. पाटीसाठी, गाडीसाठी, बाहेरच्या बोर्डासाठी उत्तमच आहे, आणि छोट्या गावात ज्याच्याकडे फ्लेक्स-व्हिनाइलचं मशिन असतं तो साहजिकच तेच सुचवतो. पण मऊ व्हिनाइलमध्ये ते लवचिक राहावं म्हणून एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू गममध्ये उतरतं आणि गम पातळ करतं. शिवाय त्या मशिनची शाई बहुधा सॉल्व्हंटची (वाळताना उडून जाणाऱ्या द्रावकाची) असते, ती पूर्ण वाळायच्या आत लॅमिनेशन केलं तर वासही राहतो आणि पकडही बिघडते. खाण्याच्या वस्तूला वास म्हणजे गिऱ्हाईक गेलं. आणखी एक: व्हिनाइल आणि पेट पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे रद्दीतल्या बाटल्या पुन्हा वापरताना ते पेटमधून वेगळं काढता येत नाही आणि सगळा घाणा बिघडवतं. पीपी आणि पीई तरंगतात, सहज निघतात. तुमच्या तिन्ही वस्तूंना व्हिनाइलची गरज नाही.

टिकाऊपणात लोक तारखेचा विचार करत नाहीत. लेबल शाबूत आणि बॅच नंबर पुसलेला, अशा बरण्या मी कितीतरी बघितल्या आहेत. खाद्यपदार्थांच्या लेबलिंगचे 2020 चे नियम स्पष्ट सांगतात की लेबल डब्यापासून सुटता कामा नये आणि त्यावरचा मजकूर न पुसला जाणारा, सहज वाचता येणारा हवा. फिल्मवर शिक्क्याची साधी शाई वाळत नाही, बोटाला लागते. लॅमिनेशन किंवा वार्निश असेल तर तारखेपुरती जागा त्याशिवाय सोडायला सांगा, आणि शिक्क्याला फिल्मवर चालणारी, लवकर वाळणारी शाई घ्या. बारकोड प्रिंटर वापरत असाल तर रिबनवाला घ्या आणि फिल्मला रेझिन रिबन लावा. मेणाची रिबन फिल्मवरून नखाने निघते. रिबनशिवाय उष्णतेने छापणारं बिलासारखं लेबल खाण्याच्या मालावर नकोच. टेम्पोच्या उन्हात ते काळं पडतं आणि तेल लागलं की अक्षरं उडतात.

म्हणजे सध्या एवढं धरा: लोणच्याला पीपी आणि अ‍ॅक्रिलिक गम, काकवीला तेच पण गोल कोपरे आणि निवल्यावर लावणं, हळदीला पाकीट बदलणं, नाहीतर पीई, जास्त चिकट गम आणि भरण्याआधी लावणं. पीपी कागदापेक्षा महाग पडतं, आणि किती महाग ते तुमच्या नगांवर अवलंबून आहे. थोडे नग असतील तर डिजिटल छपाई परवडते, छपाईच्या प्लेटचा खर्च वाचतो. पण हिशेब लेबलाच्या किमतीचा मांडू नका. परत आलेल्या एका खोक्याचं जाण्या-येण्याचं भाडं आणि वाया गेलेला माल मांडा, मग फरक किती छोटा आहे ते दिसेल.

मोठी ऑर्डर देण्याआधी छापणाऱ्याकडून दोन प्रकारच्या गमचे कोरे तुकडे मागा. कोरे तुकडे बहुतेक जण फुकट देतात. ते तुमच्या खऱ्या बाटलीवर, खऱ्या खोलीत, तुमच्याच बायकांच्या हातून लावून घ्या. तीन दिवस जाऊ द्या. मग एक बरणी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून सकाळी बादलीभर पाण्यात बुडवा. एका बरणीच्या लेबलाच्या वरच्या कडेवर लोणच्याचं तेल ओतून दोन दिवस तसंच राहू द्या. एक गच्चीवर एप्रिलच्या उन्हात ठेवा. आणि एक खोकं नेहमीसारखं भरून एसटी पार्सलने पुण्याला पाठवा आणि परत मागवा, कारण बरण्या एकमेकींना घासून जे होतं ते घरच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे नसतील तर ते आधी घाला. ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या: बाटली कशाची, गोलाई किती, आत काय, तेल-पाणी-ऊन-थंडी यांपैकी काय लागणार, हाताने लावणार की मशिनने. ‘चांगलं मटेरियल द्या’ एवढंच सांगितलं तर त्याच्याकडे शिल्लक असलेलं मटेरियल मिळेल.

राहिला गठ्ठ्यांचा प्रश्न. काकवीची स्टिकरं येत्या गुऱ्हाळाच्या हंगामात, थंडी-उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत, गावातल्या आणि आठवडी बाजारातल्या विक्रीला वापरा. ती बाटली पावसाळा बघायच्या आत संपते. लोणच्याची स्टिकरं खोक्यांवर ओळखीसाठी लावा. हळदीची पेटचा थर असलेल्या नव्या पाकिटांवर बसतील, फक्त पाकीट भरण्याआधी लावा. वरून सेलोटेप मारून ती वाचवायचा प्रयत्न करू नका, टेपच्या कडेला धूळ धरते आणि माल जुनाट दिसतो. जुन्या लेबलावर नवं चिकटवणंही नको: खालचं सुटलं की दोन्ही सुटतात, आणि वेष्टनावरची किंमत किंवा इतर सक्तीचा मजकूर बदलण्यासाठी स्टिकर लावायला वजनमापाच्या नियमांत मनाई आहे. फक्त किंमत कमी करायची असेल तर लावता येतं, तेही मूळ छापील किंमत न झाकता. वापरेपर्यंत गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा, शेडमध्ये नको, आणि वर वजन ठेवू नका, नाहीतर कडांतून गम बाहेर येऊन पानं एकमेकांना चिकटतात. एक वर्षाच्या आत संपवा.